निजेला धोंडा: खर्ड्याची रात्र आणि वाटसरूची उशी

११ मार्च १७९५. जामखेडच्या आग्नेयेस काही कोसांवर असलेल्या खर्ड्याजवळ दिवसभराची लढाई अंधारामुळे थांबली होती. निजामअलीच्या बाजूची, फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या हाताखालची पलटणे भरलेल्या बंदुका उराशी घेऊन रांगेतच निजली होती.

रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांसाठी पाणी शोधत एका ओढ्यावर आली. तिथे आधीच मोगलांची माणसे होती. (निजामाला मराठी कागदांत ‘मोगल’च म्हणत.) त्यांनी गोळ्या झाडल्या. जवळच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या. आणि झोपेतून दचकून उठलेल्या साऱ्या रांगेने, समोर कोण आहे हे न पाहताच, बार काढले.

हा गोंधळ ऐकून निजामअली घाबरला आणि जनानखान्यासह खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. धनी आत गेल्याचे कळताच फौजेची पांगापांग झाली. सकाळी मराठ्यांना दिसले ते टाकून दिलेल्या तोफा, दारूगोळा आणि सामानसुमान. पुढे दोन दिवसांत किल्ल्यात कोंडलेल्या निजामाला तहाची बोलणी करावी लागली. दौलताबाद, मोठा मुलूख, तीन कोटी रुपये आणि वर आपला दिवाण मुशीर-उल्मुल्क एवढे देणे त्याच्या पदरी आले.

हा सारा वृत्तान्त ग्रँट डफच्या इतिहासात सविस्तर आहे. तो वाचताना बहुतेकांचे लक्ष तहाच्या कलमांकडे जाते. पण घटनेचा कणा आहे एक मोडलेली झोप. दोन्ही बाजूंची लाखाहून अधिक माणसे त्या माळावर पडली होती. ती कशावर निजली होती? आणि डोक्याखाली काय होते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण प्रवासात जी वस्तू केवळ आपल्या सुखासाठी घ्यायची, तिचे ओझे कुणी वाहायचे, हा प्रश्न प्रत्येक स्वारीला आणि प्रत्येक वाटसरूला सोडवावा लागला आहे. तलवार घ्यायची की नाही हे ठरवायला विचार लागत नाही. उशीला लागतो.

‘उशी’ हा शब्द संस्कृत ‘उच्छीर्षक’ याच्याशी जोडला जातो: ज्यावर शीर उंच राहते ते. ‘उसे’, ‘उशाला’, ‘उशापायथ्याला’ ही सगळी त्याच कुळातली मंडळी. म्हणजे शब्दाच्या मुळाशी मऊपणा नाहीच, फक्त उंची आहे. महाभारतात शरपंजरी पडलेल्या भीष्मांसाठी राजेलोक मऊ उश्या घेऊन धावले, तेव्हा त्यांनी त्या नाकारल्या. वीराच्या शय्येला त्या शोभत नाहीत म्हणाले. अर्जुनाने तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार दिला. उशीची सगळ्यात कठोर व्याख्या ती हीच. मराठी माणसाने ती आपल्या पद्धतीने म्हणीत बसवली: भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

धोंड्याच्या दुसऱ्या टोकाला मोगली छावणी. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून लाहोर-काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए दानिशमंदखान या सरदाराच्या पदरी त्या लवाजम्यात होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम, तर दुसरा पुढच्या मुक्कामावर आधीच उभा. या पुढे जाणाऱ्या ‘पेशखान्या’साठी साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे बर्निए लिहितो. बादशहाला उशी निवडायची नव्हती. ती त्याच्या आधी पोहोचलेली असे.

बर्निएला मात्र निवडायचे होते, आणि त्याने आपल्या सामानाची यादीच देऊन ठेवली आहे. मध्यम आकाराचा एक तंबू, एक सतरंजी, चार मजबूत पण हलक्या वेतांची घडीची खाट, एक उशी, दोन पांघरुणे. त्यांपैकी एक पांघरूण चौघडी केली की तीच गादी. यादी काळजीपूर्वक वाचली तर त्याचा हिशेब कळतो: गादी त्याने सोडली, कारण पांघरूण ते काम करते, खाटेचे लाकूड सोडले, कारण वेत चालतो, पण उशी सोडली नाही. आज पाठीवरची पिशवी भरताना जो विचार होतो, तो त्याने १६६४ मध्ये कागदावर उतरवला.

आणि मराठा स्वार? सभासदाच्या बखरीत शिवकाळच्या लष्कराचे नियम आले आहेत. फौज आठ महिने बाहेर, पावसाळ्यात छावणीला परत. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी. अशा फौजेत उशीला जागा कुठून असणार? ग्रँट डफने या स्वारांच्या विश्रांतीचे जे चित्र रेखले आहे ते विसरण्याजोगे नाही. चार-पाच जणांचे घोळके उघड्या जमिनीवर गाढ झोपलेले. अंग भर दुपारच्या उन्हात. आणि सगळ्यांची डोकी तेवढी एकत्र, भाल्यांच्या टोकांवर ताणलेल्या काळ्या घोंगडीच्या किंवा फाटक्या झुलीच्या सावलीत. रात्री घोड्याचा लगाम हातात धरूनच झोप.

या चित्रातली गंमत अशी की अंगाची पर्वा नाही, पण डोक्याची आहे. सावली पुरवायची तर ती डोक्याला. उशीसाठी वेगळी वस्तू नाही; जे घोंगडे पाठीवर पांघरायचे, तेच दुपारी छत आणि घडी केली तर उसे. एका वस्तूला तीन कामे देणे हेच हलके राहण्याचे खरे तंत्र होते. त्याच घोडदळाने मराठीला ‘खोगीरभरती’ हा शब्द दिला. खोगिरात जे काही चिंध्या-चपाट्या कोंबायचे ती भरती, आणि पुढे कोणत्याही निरुपयोगी भरण्याला तेच नाव. वाटेत ओझे वाहिलेल्या लोकांनाच अशी शिवी सुचू शकते.

घोंगडे या कामाला इतके लायक का, हे पाहण्यासारखे आहे. नगर, बीड, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात धनगरांची दख्खनी मेंढी चरते. तिची लोकर भरड, बहुधा काळी. सणगर विणकर तिचे घोंगडे विणतात आणि त्याला चिंचोक्यांची खळ देतात. कापसाची गोधडी भिजली की जड होते आणि ऊब सोडते. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. भरड, कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि ऊब व नरमपणा या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्या अडकलेल्या हवेच्या असतात. घोंगडे टोचते हे खरे. पण टोचणारी घडी आणि उघडा खडक यांत निवड करायची वेळ आली तर ती अवघड नाही.

आता खर्ड्याकडे परत येताना एक मोह टाळला पाहिजे. ‘हलके मराठे जिंकले, जड निजाम हरला’ असे वाक्य फार सहज सुचते आणि ते चुकीचे आहे. १७९५ चे मराठी लष्कर शिवकाळचे राहिले नव्हते. दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणे होती, तोफखाना होता, पेशवे सवाई माधवराव होते, नाना फडणीस होते, नागपूरकर भोसले आणि तुकोजी होळकर होते, आणि प्रत्येकाच्या मागे बुणगे, बाजार, डेरे. पानिपतावर याच ओझ्याने फौजेचे हाल केले होते आणि ३४ वर्षांनी ते ओझे कमी झाले होते असे दिसत नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालच्या या जमावाला हलके म्हणणे म्हणजे इतिहासाला आवडीची टोपी घालणे होय.

फरक होता तो वेगळाच. निजामाच्या छावणीत एक वस्तू अशी होती जिला तो सोडू शकत नव्हता: जनाना. त्याला सुरक्षित करायला तो किल्ल्यात गेला आणि किल्ला सापळा झाला. फौजेची हालचाल तिच्यातल्या सर्वांत जड वस्तूच्या वेगाने होते. ती वस्तू तोफ असेल, खजिना असेल वा पालखी. उशी त्या यादीत सर्वांत खाली येते. पण यादी लांबत जाते ती नेहमी खालच्या टोकाकडूनच.

खर्ड्याच्या त्याच वाटेवर दुसरी एक फौज दर आषाढात मुक्काम करते. पैठणहून निघणारी नाथांची पालखी पाटोदा ओलांडून जामखेड तालुक्यातून खर्ड्यावरून परंड्याकडे उतरते आणि पंढरीची वाट धरते. हत्ती-उंटांचा पेशखाना इथे नाही. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्याचे सामान म्हणजे खांद्यावर पडशी, वर घोंगडे, आणि रात्री तीच पडशी उशाला. त्यात फायदा दुहेरी: डोक्याला उंची मिळते आणि शिदोरी चोरीला जात नाही. आजही रेल्वेच्या फलाटावर पिशवी डोक्याखाली घेऊन झोपणारा माणूस नेमका हाच विचार करत असतो.

मग हवेची उशी कुठून आली? हवा हे भरण तर फुकट आणि बिनवजनाचे. सावरीचा कापूस उशीसाठी नावाजलेला आहे तो त्याच्या हलकेपणामुळे, आणि हा हलकेपणा येतो त्याच्या आतून पोकळ तंतूंमुळे. म्हणजे तिथेही काम हवेचेच. निव्वळ हवा कातड्यात भरण्याची कल्पनाही जुनी आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या असिरियन राजा दुसऱ्या अशुरनासिरपालच्या शिल्पांत फुगवलेल्या कातड्यांवर नदी पोहून जाणारे लोक कोरले आहेत. १५३९ मध्ये चौसा येथे शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता वाचला तो निजाम नावाच्या भिश्त्याच्या फुगवलेल्या मशकीमुळे. उपकाराची फेड म्हणून त्याने त्या भिश्त्याला थोडा काळ तख्तावर बसवले, असे सांगतात. मशकीची याहून मोठी प्रतिष्ठा इतिहासात नाही.

पण मशक नदी ओलांडायला ठीक. उशाला घ्यायची तर कातडे ओले-तेलकट ठेवावे लागते. सुकले की शिवणीतून हवा जाते. वास आहेच. आणि एवढे सगळे करून रिकाम्या मशकीचे वजनही घोंगड्याच्या घडीला हरवत नाही. अडचण हवेची नव्हती, पिशवीची होती.

ती सुटायला खर्ड्यानंतर २८ वर्षे गेली. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये लेपण्याचे पेटंट घेतले. पाणी आत न येऊ देणारे कापड हवाही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे रेनकोटाच्या पाठोपाठ हवेच्या गाद्या आणि उश्या निघाल्या. पण कच्चे रबर थंडीत तडकते आणि उन्हाळ्यात चिकट होते. इंग्लंडच्या धुक्यात फारसे बिघडले नसते. जामखेडच्या मेमध्ये ती उशी गालाला चिकटली असती. १८४४ मध्ये इंग्लंडात टॉमस हॅन्कॉक आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाने रबर पक्के करण्याची पेटंटे मिळवली, आणि मगच ही वस्तू उष्ण देशाच्या प्रवासाला खऱ्या अर्थाने लायक झाली.

आजची उशी रबराचीही राहिलेली नाही. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कापड, आतून प्लॅस्टिकचा अभेद्य लेप, आणि घडी केली की मुठीत मावेल असा आकार. गडावर मुक्कामाला जाणारे पोर ती पिशवीच्या कोपऱ्यात कोंबते. निवडताना मात्र प्रश्न जुनेच विचारावेत. बर्निएचा प्रश्न: हे काम पिशवीतली दुसरी एखादी वस्तू करू शकते का? घडी केलेला स्वेटर पुरत असेल तर पुरतो. मशकीचा प्रश्न: हवा कुठून जाईल? शिवण आणि झडप यांपैकी झडप आधी दगा देते, म्हणून दुकानातच उशी फुगवून, तिच्यावर डोक्याइतके वजन ठेवून थोडा वेळ थांबावे. आणि वैशाखातला प्रश्न: गालाला काय लागणार? नुसते गुळगुळीत प्लॅस्टिक घामाने चिकटते. वर सुती किंवा मऊ कापडाचा थर असलेली उशी काही ग्रॅम जड भरते, पण तेवढे वजन वाहावे.

राहिली उंची, जी या शब्दाच्या मुळातच आहे. नवी माणसे हवेची उशी फुगवता येईल तेवढी फुगवतात आणि रात्रभर डोके तिच्यावरून घरंगळत राहते. कुशीवर निजणाऱ्याला खांद्याइतकी उंची लागते, उताण्याला त्याहून बरीच कमी. झोपल्यावर झडप किंचित सैल करून मान सरळ होईपर्यंत हवा सोडावी. तरीही उशी घसरत असेल, तर तिच्याखाली घोंगड्याचे एक टोक दुमडून घ्यावे. भरड लोकरीवरून नायलॉन सहसा सरकत नाही.