दरवेशाचं अस्वल, धोंडीचा बेडूक

दरवेशी यायचा तो दिवाळीनंतर, घरोघर दाणे आलेले असताना. धोंडी निघायची मृग कोरडा गेल्यावर, कणगी तळाला लागलेली असताना. अस्वलानं भीती घालवायची, बेडकानं पाऊस आणायचा. औरंगाबादेत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांनी ही दोन्ही जनावरं दारात पाहिली आहेत. पुढे मी प्राणिशास्त्र शिकवलं, पण या दोघांची पहिली ओळख शहागंजातलीच.

डुगडुगी वाजली की आई धाकट्याला उचलून बाहेर. दरवेशी त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवी, चार केस उपटी, ताईतात भरून देई. पोर रात्री दचकायचं थांबतं म्हणे. अस्वलाच्या नाकात तापल्या सळईनं पाडलेलं भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि मोडलेले सुळे. आम्ही टाळ्या वाजवायचो.

धोंडीला कडुनिंबाचा पाला नेसलेला पोरगा, दोघांच्या खांद्यावर मुसळ, मुसळाला ओल्या फडक्यात बांधलेला बेडूक. बायका वरून तांब्या ओतत, सुपातून ज्वारी घालत. बेडूक कातडीनंही श्वास घेतो आणि त्यासाठी ती ओली लागते, त्यामुळे त्या तांब्यांवरच तो तगे. बहात्तरच्या दुष्काळात तांब्याही अर्धाच निघे.

उन्हाळाभर जमिनीत निपचित पडून राहतो तो बेडूक. आपलं अस्वल थंड मुलखातल्या भाऊबंदांसारखं कधी झोपी जात नाही. दोघांचं जमतं ते फक्त वाळवीवर. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. पहिल्या पावसात तिला पंख फुटले की बेडूक तिच्यावर तुटून पडतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अस्वलाला संरक्षण दिलं, १९९८ मध्ये केंद्रानं त्याचे खेळच बंद केले, तरी देशातलं शेवटचं नाचरं अस्वल सुटायला २००९ उजाडलं. बेडकाच्या तंगड्या मात्र राजरोस परदेशी जात होत्या. ती निर्यात १९८७ साली थांबली. तोवर तो धंदा परकीय चलन म्हणून चालला. दरवेशी गुन्हेगार ठरला, ताईत घेणारे आम्ही नामानिराळे राहिलो.

धोंडी अजूनही निघते. काढायचीच तर पाला, मुसळ आणि पोरं पुरेत. बेडकाला तेवढं सोडा.