खडी आणि ओवाळणी

गरिबास फुकट पैसा दिला कीं तो आळशी होतो, ही समजूत आम्हां सुशिक्षितांच्या घरीं फार जुनी आहे. 1877 सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवरील मजुरी घटविली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें विरोध केला. पण धडधाकटास श्रमावांचून मदत नाहीं, हें सूत्र टिकलें. 1972 च्या दुष्काळांत मराठवाड्यानें खडी फोडली, आणि 1977 च्या रोजगार हमी कायद्यानें काम मागणें हा खेडुताचा हक्क ठरला.

काम न घेतां पैसा दिला तर काय होतें? 2011 च्या सुमारास 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेनें मध्यप्रदेशांतील आठ खेड्यांत हें करून पाहिलें. मोठ्या माणसास महिना 200 व मुलामागें 100 रुपये दिले. दारूचा खर्च वाढला नाहीं. गुरें-शेळ्या आल्या, कांहींचें कर्ज फिटलें, मुलांचें पोषण सुधारलें.

आमच्या विष्णुपुरीस गोदावरीचें पाणी पंपांनीं उचलून शेतांस दिलें जातें. पण ज्यास शेतच नाहीं, त्यास त्याचा काय लाभ? 2019 सालीं सुरू झालेला किसान सन्मान निधिही जमीन नांवावर असलेल्यांसाठींच. 2024 च्या 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा 1500 रुपये मात्र भूमिहीन मजुरिणीच्याही खात्यांत पडले. घरांत येणाऱ्या पैशावर तिचें नांव लागलें, ही गोष्ट लहान नव्हे.

तरी एक शंका आम्हांस छळते. खडी फोडणें कष्टाचें खरें, पण तें काम कायद्यानें मागतां येत असे. ओवाळणी भावाच्या मर्जीची. श्रमाची अट गेली, हें बरें झालें. तिच्याबरोबर हक्कही जाऊं नये.