साथीदाराची कंबर

मैफलीत तबलजी मांडी घालून बसलेला आपण पाहतो. पण नाचाच्या साथीत हे बसणं फार जुनं नाही. इ. स. १८००च्या पुढेमागे दिल्लीकडे काढलेली नाचाची चित्रं पाहा. पुढे नर्तकी, आणि मागे साथीदार उभे! तबला-डग्गा फडक्यात गुंडाळून कमरेला बांधलेला. सारंगीही शेल्याच्या आधारानं धरलेली. नर्तकी सरकली की त्यांनीही सरकायचं.

तबला-डग्ग्याची जोडी आजही सहज ५ किलो भरते. एवढं ओझं पोटापुढे लोंबलं, की धड पुढे ओढलं जातं आणि पाठीचे स्नायू ते सारखे मागे खेचून धरतात. दाद नर्तकीला, कळ साथीदाराला!

पुढे नाचातही साथीदार खाली बसला. पण दुखणं काही उठलं नाही. तासन्‌तास मांडी घातली, की पाठ पोक काढते. उपाय साधाच : बुडाखाली लहानशी उशी, आणि मधूनमधून चार पावलं चालणं.

तमाशातला ढोलकीवाला मात्र आजही ढोलकी कमरेला बांधून उभाच असतो. त्याच्या तोड्याला टाळी द्याल, तेव्हा त्याच्या पाठीचीही आठवण ठेवा.