प्रशस्त भोजनकक्ष : माप जागेचे नव्हे, कुटुंबाचे

अनेक नव्या सदनिकांमध्ये दिवाणखाना व भोजनकक्ष यांच्यामध्ये भिंत नसल्याने जेवणाची जागा गरजेपेक्षा मोठी असते. ती भरण्यासाठी दहा जणांचे टेबल घेतले जाते आणि रोज चौघेच त्याच्या एका टोकाला जेवतात. टेबलाचा आकार खोलीवरून न ठरवता कुटुंबावरून ठरवणे हिताचे असते.

टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला सुमारे ६० सेंटिमीटर जागा लागते. सहा जणांसाठी १५० ते १८० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद टेबल पुरते. टेबलाची उंची साधारण ७५, तर खुर्चीच्या बैठकीची ४५ सेंटिमीटर असते. खुर्ची मागे सारण्यासाठी टेबलाभोवती किमान ९० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. मागून वाढायचे असल्यास १२० सेंटिमीटर अधिक सोयीचे. पाहुण्यांसाठी लांबी वाढवता येणारे टेबल आणि घडीच्या खुर्च्या घेता येतात. शिवाय उरलेली मोकळी फरशी वाया जात नाही. सणासुदीला तेथे पंगत बसू शकते.

विजेचे काम करण्यापूर्वी टेबलाची जागा निश्चित करावी. छतातील जोडणी बहुधा खोलीच्या मध्यभागी असते आणि टेबल मात्र कडेला येते. टांगता दिवा टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर असावा. तो पंख्याच्या झोतात आल्यास झुलतो. दिवा पात्यांच्या वर असल्यास ताटावर सावल्या फिरतात.

मोठ्या रिकाम्या खोलीत टाइल, काच आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. जाड पडदे, पुस्तकांचे कपाट व सतरंजी यांमुळे तो कमी होतो. तेलंगणातील वरंगळ आणि कर्नाटकातील नवलगुंद येथील सतरंज्या प्रसिद्ध आहेत. सतरंजी टेबलाच्या कडेबाहेर चारही बाजूंनी सुमारे ६० सेंटिमीटर यावी, म्हणजे खुर्चीचे पाय कडेला अडकत नाहीत.

उरलेल्या जागेला वेगळे काम द्यावे. खिडकीपाशी दिवाण, भिंतीलगत भांड्यांचे बुटके कपाट किंवा मुलांचे अभ्यासाचे टेबल तेथे शोभते.

खरेदीपूर्वी टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रे फरशीवर चिकटवून दोन-चार दिवस वावरून पाहावे. चूक तेव्हाच लक्षात आल्यास खर्च वाचतो.