वाघीण, कुंपण आणि नोंदी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते तेथे फुटणाऱ्या रस्त्यांमुळे. नागपूरहून येणारी वाट येथे दुभंगते. एक हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. नकाशावर याच परिसराभोवती आणखी एक जाळे दिसते. वायव्येस बोर, पूर्वेस उमरेड-कऱ्हांडला, आग्नेयेस ताडोबा. या जंगलांमधली जमीन कापूस, तूर आणि सोयाबीनची आहे. वयात आलेला वाघ नवा मुलूख शोधायला निघतो तेव्हा त्याला हीच शेते ओलांडावी लागतात. तेव्हा वाघ गावात शिरला असे आपण म्हणतो खरे. पण पुष्कळदा तो केवळ वाटसरू असतो.

हे चित्र मुळात कसे घडले? 1862 साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. 1867 साली मुंबईहून आलेला लोहमार्ग नागपुरास पोचला आणि या खोऱ्यातील कापसाला जगाची बाजारपेठ खुली झाली. पडीक जमीन नांगराखाली येत गेली. त्याच काळात वसाहतकालीन सरकार वाघाच्या शिकारीवर बक्षीस देत होते. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. त्या काळच्या वार्षिक तक्त्यांत श्वापदांनी मारलेली माणसे व सरकारने मारविलेली श्वापदे शेजारी शेजारी मांडलेली आढळतात. वाघ हा त्या कारभाराच्या दृष्टीने शेतीच्या वाढीतला अडथळा होता. तक्त्याची भाषाही तशीच होती.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही भाषा पालटली. बक्षिसाच्या जागी संरक्षण आले. कलम 11 अन्वये वाघाला ठार मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, पण त्यासाठी तो प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे हे लेखी कारणांसह ठरवावे लागते. ‘नरभक्षक’ हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द तेथे नाही. साहित्याच्या अभ्यासकाने हा फरक लक्षात घ्यावा. ‘नरभक्षक’ हा शब्द प्राण्याचा स्वभाव सांगतो. कायद्याचा शब्दप्रयोग परिस्थिती सांगतो.

या दोन शब्दांमधल्या अंतरात 2017 सालची एक वाघीण सापडली. ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर झालेल्या हल्ल्यांनंतर तिला जुलै महिन्यात पकडण्यात आले व गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आले. बोर हा देशातील अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. ती तेथे थांबली नाही. सुमारे अडीच महिन्यांत वर्धा, नागपूर व अमरावती जिल्ह्यांतून तिने पाचशे किलोमीटरांहून अधिक वाटचाल केली. या काळात पुन्हा माणसे मृत्युमुखी पडली. तिला ठार मारावे की पकडावे, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तथापि शेवट बंदुकीने झाला नाही. 14 ऑक्टोबर 2017 रोजी कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी परिसरात, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली.

ते कुंपण वाघासाठी नव्हते. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक लोळवतात, हे विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. थंडीत रात्ररात्र जागली करणे जमले नाही की कोणी तारेत थेट वीज सोडतो. हा गुन्हा आहे, आणि त्या तारेने माणसेही मेली आहेत. पण त्यामागे कर्ज आणि पेरणीचा खर्च आहे, हे विसरून केवळ वाघिणीचा शोक करणे आम्हांस अपुरे वाटते.

पुढल्याच वर्षी वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव परिसरात आणखी एक वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचा संबंध जोडला गेला होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. वनखात्याच्या कागदांत ती ‘टी-1’ होती. देशभरच्या प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ म्हटले. ज्यांच्या शेतांतून ती फिरत होती त्यांच्यासाठी ती नुसती वाघीण होती. कोण कोठे उभा राहून बोलतो आहे, हे या तीन नावांतून कळते. ज्या घरांतली माणसे गेली, त्यांची नावे मात्र शहरातल्या चर्चेत क्वचितच ऐकू आली.

या इतिहासाची साधने आज विपुल आहेत: वनखात्याचे आदेश, न्यायालयाचे निकाल, रेडिओ-पट्ट्याने टिपलेल्या जागा, शवविच्छेदनाचे अहवाल. वाघिणीचे प्रत्येक पाऊल नोंदले गेले. ज्या रात्री शेतकऱ्याने तारेत वीज सोडली, त्या रात्रीची नोंद कोठेही नाही. ती मिळवायची तर गावात जाऊन, ओसरीवर बसून ऐकावे लागेल. तेथे आरोपी, पीडित आणि साक्षीदार अशी सोयीची विभागणी टिकत नाही, कारण पुष्कळदा ते सारे एकाच घरात राहतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. वाघीण सोडली गेली तेव्हा कापूस वाढत होता. ती मेली तेव्हा तो वेचणीला आला होता. ऐकणाऱ्याने निदान एवढ्या एका हंगामापासून सुरुवात करावी.