पोत्यातले औषध
आमच्या बिलोलीकडे आम्ही गुरांपुढे कडबा टाकतो, दुभतीला सरकीची पेंड देतो. कोंबड्यांचे खाद्य मात्र पोत्यातून येते, आणि त्यात औषध शिरले ते चुकून. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत ज्यूक्स व स्टॉकस्टॅड ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा त्यांनी पिलांना चारला. पिले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. ही करामत जीवनसत्त्वाची नव्हे, चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाची! वजन स्वस्तात वाढते म्हटल्यावर जगभर बाजार उभा राहिला. पण रोज थोडेथोडे औषध मिळाले, की त्याला दाद न देणारे जंतूच तेवढे तगतात. स्वीडनने १९८६ साली ही प्रथा थांबवली, युरोपीय संघाने २००६ साली. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन भारतात कोंबड्यांना चारण्यावर बंदी आली ती २०१९ साली.