अपस्मार आणि त्याचा शेजारी

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांत एखादा इसम मूर्च्छित पडून हातपाय झाडूं लागला, कीं कोणी कांदा फोडतो, कोणी पायांतली वहाण काढून त्याच्या नाकाशीं धरतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हें पाहिलें असेल. झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय वहाणेला मिळतें! वस्तुतः रोग्याला कुशीवर वळवून जपावें, एवढेंच करावयाचें असतें.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत नववा अध्याय उन्मादाचा व दहावा अपस्माराचा आहे. दोन्ही रोग शेजारीं बसविले, पण एका घरांत कोंडले नाहींत. हा विवेक पुढें सुटला. एकोणिसाव्या शतकांत वेड्यांच्या इस्पितळांत फेफऱ्याचे रोगीही ठेवीत; नागपूरचें तसलें इस्पितळ १८६४ सालचें. स्वतंत्र भारतांतही १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत वेड आणि अपस्मार एकाच वाक्यांत जोडले गेले. ‘अपस्मार’ हा शब्द तेथून गळावयास १९९९ साल उजाडलें. तोंवर दुखणें लपविण्यास कायद्याचेंच भय होतें. आणि लपविलेल्या दुखण्याची गोळी सासरीं वेळेवर कशी घ्यावयाची?

औषधांची हकीकतही विलक्षण आहे. १८५७ सालीं लंडनच्या लोकॉकनें ब्रोमाइडचा गुण सांगितला, १९१२ सालीं जर्मनींत हाउप्टमाननें फिनोबार्बिटोन वापरलें, १९३८ सालीं अमेरिकेंत मेरिट व पुटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. ब्रोमाइडनें झटके कमी होत, पण बुद्धि मंदावे, क्वचित् रोगी भ्रमिष्टही होई. फिनोबार्बिटोननें कित्येकांस खिन्नता येते. अलीकडच्या लेव्हेटिरासिटॅमनें कांहीं जण चिडखोर बनतात. म्हणजे शेजाऱ्याला कधीं कधीं औषधच घरांत आणतें.

योग्य निवडलेलीं दोन औषधें पुरेशा मात्रेंत देऊनही झटके थांबत नाहींत, तेव्हां रोग औषधांना दाद देत नाहीं असें मानतात. सुमारें एक-तृतीयांश रोग्यांची ही स्थिति असते. मात्र आधीं झटके अपस्माराचेच आहेत ना, हें पाहिलें पाहिजे; मनाच्या आघातानेंही हुबेहूब तसे झटके येतात, व त्यांवर गोळ्या वाढवून उपयोग नसतो. मेंदूचा विद्युत्-आलेख आणि चलच्चित्र एकाच वेळीं घेऊन हा भेद कळतो.

झटक्यांचें मूळ एका ठिकाणीं सांपडलें, तर शस्त्रक्रिया. वेलोरला डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग काढला व १९५२ सालीं अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. २००१ सालीं कॅनडांत ८० रोग्यांवर झालेल्या तुलनेंत वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा ५८, तर केवळ औषधांच्या गटांत शेंकडा ८ रोगी मूर्च्छेच्या झटक्यांपासून मुक्त होते. ज्यांना शस्त्रक्रिया चालत नाहीं, त्यांना मानेंतील व्हेगस मज्जातंतूस चेतना देणारें यंत्र, आणि विशेषतः मुलांना तूप-तेलानें भरलेला, धान्य-साखर वर्ज्य असलेला आहार, हे मार्ग उरतात. सोबतच्या खिन्नतेवर निराळे उपचार लागतात. ते झटके थांबण्याची वाट पाहात ठेवीत नाहींत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांतही कित्येकांचें मन खचतें, म्हणून मनोविकारतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेच्या आधींच ठरवितात.